संस्कार घ्यायचे तर आधी नोंदवहीपासून सुरुवात

कॅथलिक चर्चमध्ये दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) असो की लग्न, पॅरिशच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) ऑफिसात गेलात की पहिल्यांदा मागतात तो बाप्तिस्म्याचा दाखला. बाप्तिस्मा ज्या धर्मग्रामात झाला तिथल्या वहीत माणसाची मूळ नोंद असते आणि पुढे दृढीकरण, लग्न, गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार), संन्यस्तांची कायमची व्रतं हे सगळं त्याच नोंदीच्या समासात चढवतात. घर कितीही वेळा बदललं तरी वही हलत नाही. म्हणून लग्नाच्या वेळी कपाटातला लॅमिनेट केलेला जुना दाखला चालत नाही. समासातल्या नोंदींसह नवा लागतो, सहसा सहा महिन्यांच्या आतला. आधी कुठे लग्न झालेलं नाही, हे फादरना त्यावरूनच कळतं.

बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, असं चर्चचा कायदा सांगतो. फादरना बाळंतपणाआधी भेटलं तरी चालतं. आईवडिलांपैकी निदान एकाची संमती हवी, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी खरीखुरी आशाही. गॉडपेरेंट (बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारा धर्मपालक) एक असला तरी पुरतो. दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. दोन्ही मामांना उभं करायचं घरी ठरतं आणि ऑफिसात अडतं, ते इथेच. गॉडपेरेंटचं वय 16 पूर्ण, स्वतःचं दृढीकरण आणि कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणारी पवित्र भाकर घेणं) झालेलं, जगणं श्रद्धेला धरून, आणि तो बाळाचा बाप किंवा आई नसावा. दुसऱ्या चर्चचा बाप्तिस्माप्राप्त मित्र कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

फॉर्म भरताना नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा, आईचं नाव विशेषतः. वहीतली नोंद जमल्यास डोळ्यांखालून घाला. वीस वर्षांनी दुरुस्ती करायची म्हणजे कागदपत्रांची पायपीट.

बाळाच्या जिवाला धोका असेल आणि फादर पोचणार नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, नर्ससुद्धा. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू मात्र हवा. डोक्यावर पाणी ओतायचं, ते कातडीवरून वाहायला हवं, आणि ओतता ओतताच म्हणायचं: ‘(नाव), मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हटलं तर बाप्तिस्मा होत नाही. व्हॅटिकनने 2020 साली तसं स्पष्ट केलं. नंतर धर्मग्रामाला कळवून नोंद करून घ्या. बाळ बरं झालं की उरलेले विधी चर्चमध्ये होतात, पाणी पुन्हा ओतत नाहीत.

पहिलं कन्फेशन (फादरपाशी पापं कबूल करणं) पहिल्या कम्युनियनच्या आधी, साधारण सातव्या वर्षानंतर. मोठी माणसंच कन्फेशनला जास्त बिचकतात, म्हणून क्रम सांगतो. आधी शांतपणे स्वतःचं मन तपासा. आत गेल्यावर क्रुसाची खूण करा, शेवटचं कन्फेशन केव्हा केलं ते सांगा, मग पापं. गंभीर पाप असेल तर कोणतं आणि साधारण किती वेळा, एवढं पुरे, कहाणी नको. नवऱ्याची किंवा सासूची पापं तर मुळीच नकोत. फादर प्रायश्चित्त सांगतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, मग पापक्षमा. सांगितलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी उरकावं, नाहीतर विसरतं. एखादं पाप विसरलात तर क्षमा मिळालेलीच असते. गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगा. मुद्दाम लपवलंत तर मात्र सगळं कन्फेशन फुकट. जाळीआडून, चेहरा न दाखवता, बोलायचा हक्क तुम्हाला आहे, आणि ऐकलेलं फादर कुणालाही, कशासाठीही सांगू शकत नाहीत. मिस्साला (चर्चच्या मुख्य उपासनेला) पाच मिनिटं उरली असताना रांगेत उभं राहू नका. त्या घाईत ना तुम्हाला नीट सांगता येतं, ना फादरना दोन शब्द बोलता येतात.

कम्युनियनआधी एक तास उपास. हा तास मिस्सा सुरू होण्यापासून नव्हे, कम्युनियनपासून मागे मोजायचा. पाणी आणि औषध चालतं. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना सूट आहे. हातात घेत असाल तर उजव्या तळव्यावर डावा तळवा, ‘ख्रिस्ताचं शरीर’ला ‘आमेन’, बाजूला सरकून उजव्या हाताने लगेच तोंडात. बोटांच्या चिमटीने ओढून घेऊ नये आणि तसंच हातात घेऊन जागेवर तर मुळीच जाऊ नये. एका दिवसात दुसऱ्यांदा घ्यायचं असेल तर फक्त मिस्सात भाग घेऊनच.

दृढीकरणाची तारीख बिशपच्या सोयीने ठरते, तेव्हा नावनोंदणी चुकवू नका. गॉडपेरेंटचे नियम तेच. बाप्तिस्म्याचाच गॉडपेरेंट असेल तर उत्तम. विधी दुसऱ्या धर्मग्रामात झाला तर मूळ वहीत नोंद पोचली का, ते स्वतः विचारा. ही नोंद सहज राहून जाते आणि थेट लग्नाच्या वेळी आठवते.

लग्नासाठी हॉल ठरवण्याआधी फादरना भेटा. वधू-वरांपैकी एकाचं निदान महिनाभर वास्तव्य असलेल्या धर्मग्रामात लग्न लागतं, इतरत्र लावायचं तर परवानगी काढावी लागते. जोडीदार बाप्तिस्माप्राप्त पण कॅथलिक नसेल तर धर्मप्रांताची (बिशपच्या कार्यालयाची) परवानगी हवी. बाप्तिस्माच झालेला नसेल तर सवलतीचा वेगळा आदेश लागतो आणि त्याविना लग्न चर्चच्या लेखी अवैध. मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी होईल ते सगळं करीन, हे वचन फक्त कॅथलिक पक्ष देतो. दुसऱ्याला त्याची कल्पना दिलेली असावी लागते. आधीचं लग्न असेल तर कोर्टाचा घटस्फोट पुरत नाही, चर्चच्या न्यायमंडळाचा निकाल लागतो.

रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) म्हणजे शेवटची घटका, या समजुतीने घरचे फादरना बोलवायला फार उशीर करतात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, आजार गंभीर होऊ लागला की, किंवा म्हातारपणाने शक्ती खचली की तो घ्यावा. तब्येत पुन्हा बिघडली तर पुन्हाही घेता येतो. शुद्धीत असताना बोलावलं तर कन्फेशन आणि कम्युनियनही होतं. तो फक्त धर्मगुरू किंवा बिशपच देऊ शकतात. पलंगाशी छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याचा पेला आणि चमचा ठेवा. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवू नका. रुग्णाला गिळता येतं की नाही, ते फादरना फोनवरच सांगा. तेल कपाळाला आणि दोन्ही हातांना लावतात, म्हणून हात पांघरुणाबाहेर काढून ठेवा.