नेमणुकीची ऑर्डर हातात पडली की आधी एवढं बघा

मुंबईतल्या सरकारी कार्यालयात कंत्राटावर रुजू होताय? मग पगाराच्या आकड्याआधी पैसे कोण देणार ते वाचा. डेस्क मंत्रालयात असला तरी कागदावरचा मालक एखादी मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी असू शकते.

एजन्सी असेल, तर यूएएन नंबर (पीएफ खात्याचा तुमचा कायमचा क्रमांक) पहिल्याच महिन्यात मागा आणि पीएफचं पासबुक स्वतः उघडून बघा. स्लिपवर 12 टक्के कापलेले दिसतात, पण भरलेले असतीलच असं नाही. मी हे सहा महिन्यांनी शिकलो. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी) तुमचे 0.75 टक्के कापले जातात. त्याचं कार्डही घ्या. एजन्सीने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे त्या कार्यालयावरही येते. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनं चहाबरोबर संपतात.

‘सल्लागार’ म्हणून थेट नेमणूक असेल तर मामला वेगळा. फीमधून बहुधा 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, जातो आणि पीएफ नसतो, तेव्हा रक्कम ठरवताना हा हिशेब धरा.

एजन्सीकडून माणसं घेणं ही कार्यालयासाठी सेवेची खरेदीच असते आणि तिचे नियमही कार्यालयागणिक बदलतात. चर्चगेटच्या आयकर भवनासारख्या केंद्रीय कार्यालयांना 2017 चे सामान्य वित्तीय नियम लागू, तर राज्याच्या विभागांची खरेदी 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयावर चालते. माहिती अधिकारात कार्यालय आणि एजन्सीतल्या करारनाम्याची प्रत मागता येते. अर्जाची फी 10 रुपये.