दात हलू लागल्यास काय करावे

मोठ्या माणसाचा दात हलू लागला की तो काढावाच लागणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात दात किती हलतो याइतकाच तो कशामुळे हलतो हा प्रश्न महत्त्वाचा असतो. निरोगी दातही किंचित हलतो, कारण तो हाडात थेट रुतलेला नसून तंतूंच्या सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीच्या थराने हाडाशी बांधलेला असतो.

प्रथम, दात बोटाने किंवा जिभेने हलवून पाहणे थांबवावे आणि त्या बाजूने सुपारी, चिक्की, ऊस असे काही चावू नये. दात घासणे मात्र सोडू नये. हिरडीतून रक्त येते म्हणून तो भाग टाळला जातो, तिथे मळ साचतो आणि सूज वाढते. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासत राहणे हाच त्यावरचा उपाय आहे.

दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी काही गोष्टी आठवून ठेवाव्यात: एकच दात हलतो की अनेक, मार लागला होता का, नुकतेच फिलिंग किंवा कॅप बसवली आहे का, झोपेत दात खाण्याची सवय आहे का. मधुमेह असल्यास एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणाऱ्या रक्तचाचणीचा) अलीकडचा अहवाल न्यावा, कारण साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत. मशेरी लपवू नये. तिने हिरड्या घट्ट होतात असे आपल्याकडे अनेक घरांत मानले जाते, पण तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव कमी दिसतो आणि आजार झाकला जातो.

तपासणीत हिरडी आणि दात यांच्यातील फटीची खोली मोजतात. ती १ ते ३ मिलिमीटर असणे सामान्य आहे. त्याहून अधिक खोली आणि एक्स-रेमध्ये झिजलेले हाड दिसले, तर लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो आजार असण्याची शक्यता मोठी असते. दात आडवा १ मिलिमीटरपर्यंत हलत असेल तर पहिली श्रेणी, त्याहून अधिक हलल्यास दुसरी, आणि वर-खालीही हलत असेल तर तिसरी श्रेणी मानतात.

उपचाराची सुरुवात हिरडीखालील खोल सफाईने होते, आणि नेमका इथेच रुग्ण कचरतो, कारण ‘सफाई केली आणि दात हलायला लागले’ असे त्याने कुणाकडून तरी ऐकलेले असते. या अनुभवात तथ्य आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. आजाराने हाड आधीच झिजलेले असते आणि शेजारच्या दातांना जोडून बसलेल्या कीटणाच्या, म्हणजे कडक झालेल्या मळाच्या, थराने दात धरून ठेवल्यासारखे वाटतात; थर निघाला की मूळची हालचाल आणि दातांमधल्या फटी उघड होतात. सूज ओसरल्यावर हिरडी पुन्हा आवळते, म्हणून दाताविषयीचा निर्णय साधारण ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करून घेणे योग्य. हिरडीलगतच्या फटी तरीही खोल राहिल्या तर हिरडीची शस्त्रक्रिया सुचवली जाते. शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधल्यास चावणे सुसह्य होते. पण त्याने आजार बरा होत नाही.

कारण निराळे असेल तर उपायही निराळा: उंच राहिलेले फिलिंग घासून कमी करतात, झोपेत दात खाणाऱ्यास रात्रीचा गार्ड देतात, मुळाशी पू झाला असेल तर रूट कॅनॉल करतात. वर-खाली हलणारा, हाडाचा आधार जवळजवळ संपलेला दात मात्र बहुधा काढावाच लागतो.

दोन परिस्थितींत थांबू नये. अपघाताने दात हलला तर त्याच दिवशी दाखवावे. कायमचा दात संपूर्ण निखळला तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून, शक्यतो तासाभरात, दंतवैद्य गाठावा. आणि हिरड्या चांगल्या असताना एकाच जागचे दात हलू लागले, ओठ बधिर झाला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर जबड्यातील गाठ किंवा कर्करोग नाही ना, याची तपासणी तातडीने करून घ्यावी.