लांबच्या सायकलिंगसाठी उंच हँडल लावताय? या चुका टाळा

पावसाळा सरला, कपाशीला बोंडं धरू लागली की आमच्याकडे लांबच्या फेऱ्यांचे बेत ठरू लागतात. त्याच सुमारास एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "भाऊ, हात बधिर होऊन रायले, उंच हँडल लावू का?"

लावा. ताठ बसून लांब जाता येतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मी स्वतः तसंच चालवतो. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तास मिळतात. चहा-नाश्ता, पंक्चर सगळं धरून ताशी 15 किलोमीटरच्या आसपास सरासरी पडली तरी वेळेत पोचता येतं. एवढ्यासाठी कंबर मोडून वाकायची काही गरज नाही. पण हँडल विकत घेतलं, दुकानात बसवलं आणि दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरला निघाले, असं करणारे पाहिले की मला राहवत नाही. त्याच त्या चुका आणि तेच ते हाल. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

चूक पहिली: नुसतं हँडल बदलणं

सगळ्यात जास्त त्रास या चुकीने होतो. वाकून बसता तेव्हा अंगाचं वजन हात, सीट आणि पायडल यांच्यात वाटलेलं असतं. हँडल वर आणि मागे आणलं की हातावरचं वजन सीटवर येतं. ते कुठे नाहीसं होत नाही. त्यामुळे हँडल बदललं की सीटचा विचार त्याच दिवशी करावा लागतो. लोक तो करत नाहीत, कारण सीट "अजून चांगली आहे" असं त्यांना वाटतं.

समुद्रपूरकडचे एक सर आहेत, शाळेत शिकवतात. हायब्रिड सायकल (रेसिंग आणि माउंटन सायकलच्या मधली), सरळ दांड्याचं हँडल. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला एक नस असते, तिच्यावर वजन पडलं की नेमकी हीच दोन बोटं झोपतात. सरांनी इंटरनेटवर पाहून चांगलं मागे वळलेलं हँडल मागवलं, मुठी थेट अंगाकडे येतात तसलं. स्टेम, म्हणजे हँडल ज्यात आवळलं जातं तो पुढे आलेला तुकडा, तोच, आखूड. सीटही तीच, अरुंद आणि कडक. मी म्हणालो, "सर, आधी आठ दिवस गावातल्या गावात चालवा." पण रविवार आला होता आणि वर्धा, देवळी, कळंब करत यवतमाळ गाठायचं त्यांचं ठरलं होतं.

कळंब येईपर्यंत ते प्रत्येक खड्ड्याला सीटवरून उठत होते. तिथे चहाला थांबलो तर टपरीच्या बाकावर बसेनात. म्हणाले, "भाऊ, हात तं बरे झाले, पण बुड ठणकून रायलं. अन् वळवलं का मुठीले गुडघा लागते." दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या आणि दोन्हींचं मूळ एकच. मागे वळलेल्या हँडलने हात सहज 15 सेंटिमीटर किंवा त्याहूनही मागे येतात. स्टेम आखूड असेल तर मुठी थेट मांड्यांवर येतात, वळताना गुडघ्याला अडतात, आणि पाठीचा कणा उभ्या खांबासारखा होतो. मग खड्ड्याचा प्रत्येक दणका माकडहाडातून सरळ मानेपर्यंत जातो. थोडं पुढे झुकलेलं अंग कमरेतून लवतं, दणका खाऊन घेतं. पूर्ण ताठ अंगाला ते जमत नाही. यवतमाळहून सर एसटीने परतले.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या सायकलला तीन गोष्टी केल्या. स्टेम 70 मिलिमीटरचा होता, तो काढून 110 चा घातला. मुठी सीटपेक्षा वीतभर वर होत्या, त्या चारेक सेंटिमीटर वर राहतील इतक्या खाली आणल्या. आणि मागे रुंद, खाली स्प्रिंग असलेली सीट लावली, अगदी सपाट ठेवून. तीन दिवस सरांना ती सीट म्हाताऱ्या माणसाची वाटली. आता ते ती बदलायला तयार नाहीत.

माझी मोजायची पद्धत साधी आहे. नेहमीसारखं बसा, मुठी धरा आणि बघा: कोपर किंचित वाकलेले हवेत आणि खांदे कानाकडे चढलेले नकोत. मग पायडल मारता मारता दोन्ही हात मुठींवरून जरासे उचला. अंग पुढे कोसळत असेल तर हातावर अजून जास्त वजन आहे. मागे रेलून पडल्यासारखं वाटलं तर हँडल फार जवळ आलंय. दोन्ही होत नसेल तर तिथेच थांबा.

एक गोष्ट इथेच सांगतो. हात बधिर होतात म्हणून हँडल बदलायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांची सीट पुढून खाली झुकलेली असते. माणूस सारखा पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो. अशांनी आधी सीट सपाट करून पाहावी. पैसे लागत नाहीत, एक एलन (षटकोनी) पाना पुरतो.

काळ्या सायकलचं फक्त हँडल उचलणं

याच चुकीचा दुसरा अवतार. "आजोबा काळ्या सायकलवर तालुक्याला जाऊन यायचे, त्यांना कुठे काय झालं?" असं म्हणून तसलं हँडल नव्या सायकलला लावतात. आजोबांच्या सायकलमध्ये नुसतं हँडल वेगळं नव्हतं. तिची सीटखालची नळी चांगलीच मागे कललेली असते, त्यामुळे ताठ बसूनही पाय पुढच्या बाजूला जोर लावू शकतात. चाकांमधलं अंतर लांब, चाकं 28 इंची, सीट रुंद आणि स्प्रिंगची. हे सगळं मिळून ते बसणं तयार होतं. शिवाय रॉड ब्रेकच्या सायकलचं हँडल आणि त्याचा खालचा दांडा एकाच तुकड्यात येतो, ब्रेकचे रॉड त्यालाच जोडलेले. ते उचलून हायब्रिडवर बसवायला गेलात तर मिस्तरीचा दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही. आकार आवडत असेल तर वायर ब्रेकसाठी बनलेलं तशा वळणाचं हँडल मिळतं, ते घ्या.

रोड बाईकवाल्यांनी, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची रेसिंग सायकल असणाऱ्यांनी, तर दोनदा विचार करावा. त्या हँडलचे हुड, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरवरच्या हात ठेवायच्या रबरी जागा, बरेच पुढे असतात, म्हणून त्या फ्रेमची लांबी मुळात आखूड ठेवलेली असते. तिच्यावर मागे वळलेलं हँडल लावलं की गुडघे आणि मुठी यांच्यात जागाच उरत नाही. रोडच्या हँडलची मुठीजवळची जाडी 23.8 मिलिमीटर आणि सरळ हँडलची 22.2, म्हणजे गिअर-ब्रेकचे जुने लिव्हरही चालत नाहीत. सरळ हँडलच्या सायकलवर येणाऱ्या व्ही-ब्रेकचा लिव्हर वायर जास्त ओढतो, रोडच्या ब्रेकचा कमी. अदलाबदल केली तर ब्रेक एक तर लगद्यासारखा मऊ लागतो नाही तर नीट लागतच नाही. हे सगळं बदलायच्या खर्चात जुनी, बिनसस्पेन्शनची एमटीबी (माउंटन सायकल) येते. तिची फ्रेम लांब असते, टायर जाड बसतात. उंच हँडलसाठी तिच्यासारखी सायकल नाही, हे माझं ठाम मत आहे.

चूक दुसरी: पत्र्याचा शिम (मधली फट भरायची पट्टी)

ही चूक मला सगळ्यात जास्त संतापवते, कारण यात माणूस जखमी होतो. स्टेममध्ये हँडल जिथे आवळलं जातं तिथली जाडी सगळीकडे सारखी नसते. जुन्या एमटीबी आणि बहुतेक मागे वळलेल्या हँडलांना 25.4 मिलिमीटर, जुन्या रोड बाईकला 26, नव्या स्टेमला 31.8. 25.4 आणि 26 यांतला फरक डोळ्याला दिसत नाही, हातालाही जाणवत नाही. व्हर्नियर कॅलिपर लावला तरच कळतो. बोल्ट आवळला की घट्ट वाटतं, पण ते घट्ट नसतं.

परतवाड्याकडच्या एका पोराने 31.8 च्या स्टेममध्ये 25.4 चं हँडल बसवलं होतं, मधल्या जागेत कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळून. "पक्कं बसलंय, हलत नाही," म्हणाला. वर जाताना खरंच हललं नाही. चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथून उतरताना एका वळणावर गुरं आडवी आली आणि त्याने दोन्ही ब्रेक जोरात दाबले. अंग पुढे गेलं, सगळा भार मुठींवर आला आणि हँडल स्टेममध्ये गर्रकन फिरलं. मुठी खाली गेल्या, ब्रेकचे लिव्हर बोटांतून निसटले. पोरगा रस्त्याकडेच्या झुडपात गेला. कोपर सोलला, मनगट सुजलं. दुसऱ्या बाजूला दरी होती.

मागे वळलेल्या हँडलला हा धोका जास्त का, तेही समजून घ्या. सरळ दांड्याच्या मुठी जवळपास स्टेमच्या रेषेतच असतात. वळलेल्या हँडलच्या मुठी त्या रेषेच्या वीतभर मागे असतात, म्हणजे तुमचा भार लांब पान्यासारखा ते हँडल फिरवायला बघतो. पकड कच्ची असेल तर कधीतरी ते फिरणारच.

उपाय सोपा आहे: जुळणारा स्टेम घ्या. 25.4 वरून 31.8 करण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा नेमक्या मापाचा तयार शिम मिळतो, तोही चालतो. पत्रा, ट्यूबचा तुकडा, चिकटपट्टी यांतलं काहीही नाही. स्टेमच्या पुढच्या झाकणाचे बोल्ट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. बहुतेक स्टेमवर 5 किंवा 6 न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून उभे राहा आणि दोन्ही मुठींवर अंगाचा सगळा भार टाका. फिरायचं असेल तर घरच्या अंगणात फिरू दे. मी माझ्या प्रत्येक सायकलला हे करतो, आणि दुसऱ्याची सायकल हातात आली तरी आधी हेच बघतो. दुकानदार हसला तरी चालेल.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या पद्धतीच्या स्टेमचा दांडा सायकलच्या नळीत आत उतरतो, त्यावर एक खूण असते. ती खूण फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या आत गेलेलीच असली पाहिजे. अजून उंची हवी तर लांब दांड्याचा स्टेम आणा.

नव्या पद्धतीत स्टेम फोर्कच्या (पुढच्या चिमट्याच्या) नळीला बाहेरून आवळलेला असतो. ती नळी कापलेली असेल तर परत वाढत नाही. वर चढलेल्या कोनाचा स्टेम लावा. उंची वाढवणारे जोडतुकडे गावाकडच्या उखडलेल्या गिट्टीच्या रस्त्यांवर मला पटत नाहीत.

हँडल उंच झालं की वायरी आणि त्यांचं कव्हर अपुरं पडतं. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. वायर ताणली जात असेल किंवा ब्रेक आपोआप लागत असेल तर नवीन लांब वायर टाका. मिस्तरी म्हणेल, "चालते भाऊ." ऐकू नका.

ब्रेकचे लिव्हर मनगटाच्या रेषेत हवेत. दुकानात ते आडवे बसवून देतात, मग मनगट मुडपून राहतं आणि दोष हँडलला मिळतो.

टायरमध्ये दगडासारखी हवा भरू नका. 35 मिलिमीटरच्या टायरला, मध्यम वजनाच्या माणसाला, 50 पीएसआयच्या आसपास पुरते. बऱ्याच जणांचे हात जास्त हवेनेच बधिर होतात.

वारा विसरणं

आपल्याकडे सपाट रस्ता आहे म्हणून लोक निश्चिंत असतात, पण एप्रिल-मे मध्ये दुपारी पश्चिमेकडून गरम वारा सुटतो आणि उमरेड-भिवापूरच्या उघड्या रस्त्यावर ताठ बसलेला माणूस त्याला छातीने अडवत राहतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि समोरून येणारा वारा त्या वेगात मिळवला जातो. म्हणून हात ठेवायला एकच जागा असलेलं हँडल लांबच्यासाठी घेऊ नका. मागे वळलेल्या हँडलचा स्टेमजवळचा पुढचा बाक रिकामा ठेवा, घंटी, लाइट, मोबाइल सगळं तिथे कोंबू नका. त्या बाकावर कापडी टेप गुंडाळा. वारा आला की हात तिथे न्यायचे, कोपर वाकवायचे, अंग खाली. ब्रेक मात्र तिथून लांब पडतात, म्हणून रहदारीत तिथे हात ठेवायचे नाहीत. वर बसायला आणि खाली जायला अशा दोन जागा असल्या की हातही आलटून पालटून मोकळे होतात. नागभीडच्या बाजूला जायचं असेल तर पहाटे चारला निघा, हे मी उन्हाळ्यात प्रत्येकाला सांगतो.

घाई

नवीन हँडलवर पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. आधी बाजारापर्यंत, मग वीसेक किलोमीटर, मग पन्नास. पहिले काही दिवस खिशात 4, 5 आणि 6 मिलिमीटरचे एलन पाने ठेवा आणि रस्त्यात थांबून बदल करा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची: मुठींचा कोन, नाही तर उंची, नाही तर सीट. तिन्ही एकदम हलवल्या तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. जागा सापडली की स्टेमवर आणि हँडलवर मिळून मार्करने एक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी हँडल सैल करावं लागलं तर जागा परत मिळते, आणि हँडल घसरत असेल तर रेघ तुटलेली लगेच दिसते. सगळं नीट जुळल्यावरही महिनाभर बोटं बधिर राहत असतील तर सायकलला हात लावणं थांबवा आणि डॉक्टरांना हात दाखवा.