फिरोज्याचे कानातले : पक्कड हातात घेण्याआधी

आधी मणी. रिंग बदलता येते, हुक पुन्हा वळवता येतो, पण मणी चुकला की जोडीच चुकते. 8 मिलिमीटर मण्यांच्या 16 इंची माळेत पन्नासएक मणी निघतात. माळ पांढऱ्या कागदावर मोकळी करा आणि दिवसाउजेडी खिडकीशी बसून जोड्या लावा. रात्री ट्यूबलाइटखाली सारखे वाटलेले दोन मणी सकाळी एक आकाशी आणि एक हिरवट दिसतो. अंगावरच्या काळ्या-तपकिरी रेषाही बघा. त्या हुबेहूब जुळायला नकोत (जुळल्या तर उलट शंका घ्यावी), पण एका कानात दाट जाळी आणि दुसऱ्यात कोरा निळा ठिपका बरा दिसत नाही.

जोड्या लावायच्या आधी एका मण्याची परीक्षा घ्या. फिरोजा म्हणून पुष्कळदा हाउलाइट नावाचा दुसराच दगड रंगवून गळ्यात मारतात. तो मूळचा पांढरा, शिरा त्यालाही असतात, म्हणून डोळा फसतो. अ‍ॅसिटोनवालं नेलपेंट रिमूव्हर कापसावर घेऊन भोकाच्या कडेला घासा. माझी पहिली माळ ‘अस्सल इराणी’ म्हणून घेतलेली. चार घासांत कापूस रंगपंचमीला निघाला. कापूस पांढरा राहिला म्हणून दगड अस्सलच असंही नाही, पण रंगाची लबाडी तरी कळते. राळ मुरवून टणक केलेला फिरोजा मात्र खोटा समजू नका. हा दगड मुळात मऊ आणि सच्छिद्र, त्याला तो आधार लागतो. हाउलाइट वापरायलाही माझी हरकत नाही, फक्त विकताना तसं सांगावं.

मग पिना. खाली टोपी असलेली 2 इंची हेडपिन घ्या आणि निवडलेल्या प्रत्येक मण्यातून घालून बघा. भोकं कधीकधी दोन्ही बाजूंनी पाडलेली असतात, मधोमध अडतात. तिथे जोर लावला की मणी तडकतो. 22 गेजची अडली तर 24 गेजची घ्या (गेजचा आकडा मोठा, तितकी तार बारीक), म्हणून दोन्ही जवळ असू द्या.

हुकासाठी 20 गेजची, म्हणजे साधारण 0.8 मिलिमीटरची तार. ज्यांचे कान चिघळतात त्यांना बहुतेक वेळा निकेल सोसत नाही, त्यांच्यासाठी 92.5 चांदी. दोन्ही हुकांच्या तारा एकाच मापाच्या कापून एकाच पेनावर वळवायच्या, तेव्हा ते पेन आत्ताच बाजूला ठेवा. टोक घासायला बारीक कानस हवी. कानात जाणारी बाजू बोटाला टोचली तर काम अर्धवट आहे.

गोल टोकाची पक्कड, चपटी पक्कड, कटर. घरातली दातेरी पक्कड नको, ती चांदीवर ओरखडे काढते. 4-5 मिलिमीटरच्या जंप रिंगा, म्हणजे मणी आणि हुक जोडणारी बारीक वळी, मोजून नव्हे, मूठभर घ्या. एकदोन कुठे उडतात देव जाणे. त्या उघडताना पुढे-मागे वळवायच्या, फाकवायच्या नाहीत.

मण्याच्या वर पिन 8-10 मिलिमीटर ठेवून कापायची आणि गोल वळवायची. हे माप हाताला बसेपर्यंत काचेच्या स्वस्त मण्यांवर चार कड्या करून घ्या. केसांना तेल लावलं असेल तर हात साबणाने धुऊन कोरडे करूनच बसा. तेलाने फिरोज्याचा रंग हिरवट पडतो.