कबड्डीचा पंच होऊ पाहणाऱ्यांसाठी

पंच व्हायचंय म्हणून येणारी मुलं आधी मानधनाचं विचारतात. त्यावर घर चालत नाही. प्रवासखर्च सुटतो, जेवण होतं, एवढंच धरून चाला. नोकरीत उपयोग होतो का म्हणाल, तर भरपूर. मी दिवसा एका कारखान्याच्या खरेदी विभागात बसतो. तिथे लागणारं निम्मं शहाणपण मला मैदानावरच मिळालं.

बोनस गुणाचंच घ्या. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच तो मिळतो. चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत हवा. प्रेक्षक त्याच्या हाताकडे बघतात. तुम्ही मागच्या टाचेवरून नजर हलवायची नाही. खेळाडू हात वर करून बोनस मागतोच, पण मागितला म्हणून द्यायचा नसतो. पुरवठादारही असाच हात वर करतो. मी चाचणी अहवाल उघडतो.

मध्यरेषेजवळ चौघे एकाच्या अंगावर पडले की त्याचा हात पलीकडे पोचला की नाही, हे तुमच्या बाजूने दिसेलच असं नाही. अशा वेळी अंदाजाने बोट दाखवू नका. समोरच्या पंचाकडे बघा, दोघांचं जुळलं नाही तर सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, आहेत. ‘मला दिसलं नाही’ म्हणायला नवा पंच फार लाजतो, नवा अधिकारीही.

सगळ्यात घातक म्हणजे भरपाई. मागच्या चढाईत एका संघावर अन्याय झाला असं वाटलं की पुढच्या वेळी त्यांना झुकतं माप द्यावंसं वाटतं. देऊ नका. टेंडर हुकलेल्या माणसाला पुढचं काम ‘बघून घेऊ’ म्हणणारे साहेब हेच करत असतात.

निर्णय थोडक्यात सांगा: ‘तीन नंबर, लॉबी, बाद.’ स्पर्श होण्याआधी लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, पाय पडला, विषय संपला. दाद मागायची तर कर्णधार मागेल, बाकीच्यांशी हुज्जत घालायची नाही. आणि आपल्याच गावचा संघ उतरणार असेल, तर आयोजकांना आधीच सांगून दुसरं मैदान मागून घ्या.

पंच परीक्षेची चौकशी जिल्हा संघटनेकडे करा. तोवर गुणलेखकाच्या शेजारी बसा. सलग दोन कोऱ्या, म्हणजे बिनगुणांच्या, चढायांनंतरची ‘गुण मिळवा नाहीतर बाद’ अशी तिसरी, समोरचा अख्खा संघ बाद केल्यावर मिळणारे लोणाचे दोन जादा गुण, हा हिशेब तिथेच अंगवळणी पडतो. शिट्टी मात्र स्वतःची घ्या, आयोजकांची कुणाकुणाच्या तोंडातून आलेली असते.