एससीआर बदलण्याआधी डिझेल तपासा: सल्फरने बसलेला कॅटॅलिस्ट आणि या चुका टाळा

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे माझ्या गॅरेजात चारही दिशांच्या गाड्या येतात. गेल्या हंगामात चोपड्याहून केळी भरून निघालेली एक बीएस-६ (धुराच्या कडक नियमांत बसणारी) गाडी परत आली. चेकलाइट लागलेला, पॉवर कापलेली. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, बिजासन घाट चढेना, आणि मागे माल पिकायला लागला." एका वर्कशॉपने त्याला आधीच सांगून टाकलं होतं की एससीआर गेला, नवा टाका.

एससीआर म्हणजे युरियाच्या मदतीने धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट, रासायनिक क्रिया घडवणारा लेप दिलेला भाग. तो गेला नव्हता, सल्फरने बसला होता. या दोन गोष्टींत मालकाच्या खिशाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एससीआरमध्ये युरियाच्या पाण्यापासून अमोनिया बनतो आणि तो धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि पाणी करतो. डिझेलमध्ये सल्फर असेल तर तेही धुरात येतं. एससीआरच्या आधी बसवलेल्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टवर त्यातल्या काहीचं सल्फर ट्रायऑक्साइड होतं. मग दोन गोष्टी घडतात. अमोनियाशी जुळून अमोनियम सल्फेटचा चिकट थर छिद्रांत बसतो आणि कॉपर-झिओलाइट या प्रकारच्या कॅटॅलिस्टमधल्या तांब्याला सल्फर जाऊन चिकटतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत हाच कॉपर-झिओलाइट असतो. कमी तापमानाला तो फार चांगला चालतो, पण सल्फर त्याला सोसत नाही. जुना व्हॅनेडियमचा कॅटॅलिस्ट सल्फर बराच सहन करायचा. म्हणून "आमच्या आधीच्या गाडीला काही होत नव्हतं" हे मालकाचं म्हणणं खोटं नसतं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: हायवेलगतचं स्वस्त तेल

१ एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलमध्ये सल्फर १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भाग) आत आहे. बीएस-४ च्या डिझेलला ५० पर्यंत मुभा होती, बीएस-३ ला ३५०. ३०० लिटर डिझेल म्हणजे साधारण २५० किलो, त्यात सल्फर जास्तीत जास्त अडीच ग्रॅम. आता त्यात १० लिटर रॉकेल ओतलं आणि त्या रॉकेलात पाव टक्का सल्फर असलं, तर एकट्या त्या कॅनमधून २० ग्रॅम आलं. म्हणजे आठ टाक्यांचं सल्फर एका फेरीत! बायोडिझेलच्या नावाने ड्रममधून मिळणाऱ्या तेलात काय आहे ते विकणाराही सांगू शकत नाही. लिटरमागे वाचलेले चार पैसे इथे व्याजासकट जातात. ड्रायव्हरला दोष देण्याआधी मालकाने डिझेलचा हिशेब स्वतः बघावा, एवढं मी आवर्जून सांगतो.

रिजन अर्धवट तोडणं

"मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असतं, कॅटॅलिस्ट तर तापलेलाच असेल," असं मला अनेकांनी ऐकवलंय. बाहेरच्या उन्हाचा इथे काही उपयोग नाही. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा अमोनियम सल्फेट बऱ्यापैकी सुटतं, पण तांब्यावर बसलेलं सल्फर काढायला साधारण ५०० ते ५५० अंशांच्या वर जावं लागतं. ती उष्णता डीपीएफच्या रिजनमध्येच, म्हणजे साचलेली काजळी जाळून काढतानाच मिळते. लोडिंगच्या रांगेत तासन् तास आयडल चालवायचं आणि रिजन सुरू झालं की बटण दाबून बंद करायचं, अशाने थर वाढतच जातो. मात्र जिनिंगच्या आवारात, कापसाजवळ किंवा वाळल्या गवतावर रिजन कधीच लावू नका. मोकळी पक्की जागा बघा आणि एकदा लावलं की पुरं होऊ द्या.

काही मेकॅनिक युरियाचा डोस वाढवून पाहतात. थंड कॅटॅलिस्टवर जास्त अमोनिया म्हणजे जास्त सल्फेट, त्यामुळे दुखणं आणखी वाढतं.

शेतातला युरिया टाकीत नको

कपाशी-केळीसाठी आणलेला नीमकोटेड युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतलेला मी पाहिलाय. त्यातला कॅल्शियम आणि इतर क्षार कॅटॅलिस्टला कायमचे मारतात, आणि तिथे रिजन उपयोगाला येत नाही. आयएसओ २२२४१ या मानकाचं, ३२.५ टक्के युरियाचंच द्रव घ्या. भुसावळच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली त्याचे कॅन साठवू नका. ३५ अंशांवर ते सहाएक महिनेच टिकतं.

निदान कसं करायचं

आधी युरियाचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने बघा, नोझलवर पांढरे खडे आहेत का ते बघा, नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) सेन्सर तपासा. मग स्कॅनरवर कार्यक्षमता दोन ठिकाणी नोंदवा: धूर २०० ते ३०० अंशांवर असताना आणि ४०० च्या वर. कमी तापमानाला कमजोर आणि जास्त तापमानाला ठीक असेल तर संशय सल्फरवर. दोन्हीकडे पडली असेल आणि पूर्ण रिजननंतरही उठत नसेल, तर कॅटॅलिस्ट खरंच जळालेला किंवा विषारलेला असू शकतो. प्रेशर पंपाने धुण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. आतला कॅटॅलिस्टचा लेपच त्याने निघून जाऊ शकतो.

त्या केळीच्या गाडीची टाकी आम्ही रिकामी केली, फिल्टर बदलले, पंपावरचं डिझेल भरलं आणि मोकळ्या मैदानात दोनदा पूर्ण रिजन दिलं. दुसऱ्या रिजनच्या वेळी सुरुवातीला पांढरट, घसा खवखवणारा धूर आला, मग निवळला. संध्याकाळी लळिंग घाटात भरली चालवून पाहिली, चेकलाइट परत आला नाही. मालकाला मी एवढंच सांगितलं की पुढचे तीन महिने डिझेल एकाच पंपावर भरा, पावती ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी स्कॅनरचे आकडे मला पाठवा.