सी मधला ॲरे: नंदुरबारच्या पुढे गाडी नेऊ नका

जळगावहून सुरतेकडे जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार. मधली छोटी स्टेशनं सोडून देऊ, आपल्यापुरती पाचच. जळगावपासून कितवं पुढे, असं मोजलं तर जळगाव शून्यावर आणि नंदुरबार चारवर येतं. सी या प्रोग्रामिंग भाषेत ॲरे म्हणजे मेमरीत ओळीने लागलेली एकाच प्रकारची घरं, आणि इंडेक्स म्हणजे घराचा नंबर. तो असाच पहिल्या घरापासूनचं अंतर सांगतो. म्हणून पाच घरांच्या ॲरेत पाच नंबरचं घरच नसतं.

हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरी लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात) ‘पाचपेक्षा लहान’ऐवजी ‘पाचपेक्षा लहान किंवा समान’ लिहिलं जातं. मीही लिहिलं होतं. डिप्लोमाला असताना केळीच्या पाच दिवसांच्या भावाचा प्रोग्राम होता, सुरुवातीला सगळी घरं शून्य करायची. रन केला आणि प्रोग्राम थांबेचना. शेजारचा वाकून म्हणाला, "हाई काय व्हयनं?" झालं असं होतं की मेमरीत भावांच्या पाच घरांना लागूनच लूपच्या फेऱ्या मोजणाऱ्या आय या काउंटरचं घर होतं. आय पाच झाला, सहाव्या घरात शून्य टाकायला गेलो, ते पडलं आयच्याच घरात. आय पुन्हा शून्य, लूप पुन्हा सुरुवातीकडे. गंमत म्हणजे तोच प्रोग्राम दुसऱ्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर) निमूट चालला, कारण त्याने घरांची मांडणी वेगळी केली होती. ‘माझ्याकडे तर चालतो’ या वाक्यावर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. प्लॅटफॉर्मवर चालता चालता राज्य बदलतं, कुणी अडवत नाही. सी देखील हद्दीवर कुणाला उभं करत नाही. जावा ही भाषा असती तर एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, टाकून जागेवर थांबली असती.

दुसरी चूक फंक्शनची, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या काढलेल्या तुकड्याची. मेन या मुख्य फंक्शनमध्ये साइझऑफने ॲरेचा बाइटमधला आकार काढला तर २० बाइट येतात (इंट, म्हणजे पूर्णांकाचं घर, ४ बाइटचं धरून), एका घराच्या ४ ने भागलं की ५. बरोबर. हाच हिशेब फंक्शनच्या आत केला तर ६४ बिटच्या मशीनवर ८ भागिले ४, म्हणजे २! फंक्शनला ॲरे पोचतच नाही, पोचतो फक्त पहिल्या घराचा पत्ता, आणि ८ हा त्या पत्त्याचा आकार. पाच दिवसांची बेरीज मग दोन दिवसांचीच होते, आणि उत्तर खरं वाटण्याइतपत असल्यामुळे लक्षातही येत नाही. घरांची संख्या फंक्शनला वेगळा पॅरामीटर म्हणून, म्हणजे ॲरेसोबतच, पाठवा.

फंक्शनच्या आत नवा बनवलेला ॲरे कोरा नसतो, आधीचा कचरा असतो. महिरपी कंसात एक शून्य द्या, सगळी घरं शून्य होतात. पण तिथे ५ दिलं तर फक्त पहिलं घर ५ होतं, बाकीची शून्यच.

नावं साठवताना नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या नल कॅरॅक्टरची जागा विसरू नका. नंदुरबार इंग्रजी लिपीत ९ अक्षरांचं, घरं हवीत १०. आणि देवनागरीत लिहिणार असाल तर आणखी सांभाळा. युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट खाते. ‘धुळे’ म्हणजे ध, उकार, ळ, एकार: १२ बाइट, अधिक एक नल. दोन अक्षरं दिसतात म्हणून पाच घरं दिलीत तर गाडी थेट नवापूरपार.

चूक सापडत नसेल तर डोळे फोडत बसू नका. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर असेल तर कंपाइल करताना सगळ्या वॉर्निंग आणि ॲड्रेस सॅनिटायझर (हद्द ओलांडणं पकडणारी सोय) चालू करा, सोबत डीबगसाठीचा (चुका शोधण्यासाठीचा) जी पर्यायही द्या. हद्द ओलांडली की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ओळीचा नंबर छापतो. त्या ओळीभोवतीचं लूप बघा. बहुतेकदा ते ‘किंवा समान’ तिथेच बसलेलं असतं.